विटकरी पापण्या

मंगळवार, १४ जानेवारी

सेर्वाने अक्राहून बसच्या पार्सलने पेटी पाठवली. आयशॅडोची. आत छोटे छोटे चौकोन, सगळे म्हणे 'वॉर्म टोन'चे. टोस्ट, जर्दाळू, दालचिनी, तांबं, वीट. लावायचे आहेत की खायचे, कळत नाही. पोरगी फोनवर म्हणाली, "मा, जन्मभर मासे तोलतेस, आता जरा आरशात बघ." बघितलं. डोळ्यांखाली दोन पिशव्या. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

सेर्वाचे पप्पा पुढच्या महिन्यात हॅम्बुर्गहून येतायत. चार वर्षांनी. त्यांचे मामा, वोफा डोन्कोर, ख्रिसमसनंतर गेले. फ्युनरल पंधरा फेब्रुवारीला, गावी. मामाला मूठमाती द्यायला आमच्यात भाचा हवाच, मुलगा नसला तरी चालतो.

पेटीचा आणि त्यांच्या येण्याचा काहीएक संबंध नाही. हे मी स्वतःसाठी करतेय. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे शंका नको.

संकल्प: रोज पहाटे दुकान उघडायच्या आधी अर्धा तास सराव.

बुधवार, १५ जानेवारी

उठणं झालं नाही. काल गोठवलेल्या मासळीचा माल आला होता. कोल्ड स्टोअरवाल्या बाईची कंबर ही काय चीज आहे ते त्या व्हिडिओतल्या पोरींना माहीत नाही. उद्यापासून नक्की.

गुरुवार, १६ जानेवारी

सकाळी साडेपाचला बसले. लगेच लाइट गेली. मोबाइलच्या टॉर्चवर जर्दाळू लावला. डब्यात फार गोड दिसतो. माझ्या पापणीवर चुलीतली राख फुंकल्यासारखा दिसला. हे रंग बनवणाऱ्यांनी आमच्यासारखी काळी बाई कधी बघितली नसावी. व्हिडिओतली मुलगी सारखी म्हणत होती, ब्लेंड करा, ब्लेंड करा. केलं. इतकं केलं की रंगच उरला नाही.

तिच्याच दुसऱ्या व्हिडिओत याला 'नो मेकअप लुक' म्हणतात. अवघड प्रकार असतो म्हणे. मला पहिल्याच दिवशी जमला.

लाइट दुपारी आली. तोवर दोन काळज्या. एक माझ्या फ्रीजरमधल्या बांगडे माशांची, दुसरी वोफांची. तेही शवागारात फ्रीजमध्येच आहेत. हयातभर त्यांनी मला 'ती मासळीवाली' म्हटलं. आता दोघांचं एकाच लाइटवर चाललंय.

सोमवार, २० जानेवारी

मधले दिवस राहून गेले. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ इतकी आहे की डोळ्यांत आधीच टोस्ट रंग भरलेला असतो. वर आणखी काय लावणार.

पप्पांचा फोन आला होता. तिकीट काढलं म्हणाले. मी सहज विचारलं, तिकडे थंडी कशी आहे. म्हणाले, तुला नाही झेपायची. चार वर्षांपूर्वी विमानतळावर म्हणाले होते, पुढच्या वर्षी तुला नेतो. आता मला जायचंच नाहीये. थंडी म्हणे उणे पाच. माझ्या फ्रीजरमध्ये उणे अठरा असते, तिथे मी रोज कोपरापर्यंत हात घालते. मला कुणी थंडीचं सांगू नये.

पासपोर्ट मात्र गेल्याच महिन्यात नवा करून घेतला. मुदत संपलेला कागद घरात बरा दिसत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

आज 'वीट' उघडला. काय रंग आहे! तांबडा, थोडा मातकट. आमच्या कातडीवर हाच उठतो. दोन्ही पापण्यांवर भरपूर लावला. डावा डोळा उजव्यापेक्षा लहान आहे हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. त्याची भरपाई म्हणून तिकडे जास्त लावला. मग तो मोठा झाला. मग उजव्याला जास्त. थांबले तेव्हा भुवयांपर्यंत पोचले होते. धुवायला वेळ नव्हता, तसंच दुकान उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक शेजारची एस्तेर, केंके, मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे विकणारी. नेहमी काउंटरवर रेलून अर्धा तास गप्पा मारते. आज दारातच थबकली.

"मॅडम, अपोलो झालाय का तुम्हाला?"

मी म्हटलं, कसला अपोलो, डोळे नाही आलेत माझे, मेकअप आहे.

"हो हो," म्हणाली, "मेकअपच. पण तुम्ही नका काढू मासे. मी माझी घेते."

स्वतःच फ्रीजर उघडून तिने बांगडे घेतले, दोन बोटांनी.

संध्याकाळी गिऱ्हाईक कमी होतं. महिनाअखेर आहे, हात आखडतातच लोक.

गुरुवार, २३ जानेवारी

आजही महिनाअखेर. समोरच्या कोल्ड स्टोअरमध्ये मात्र रांग होती. त्यांची बहुतेक वेगळी तारीख असते.

सोमवार, २७ जानेवारी

पूर्ण गल्लीत पसरलंय की मासळीवाल्या तिवाचे डोळे आलेत. शाळेतल्या मुलांना माझ्या दुकानावरून जायला बंदी. केमिस्टने न विचारता डोळ्यांचे थेंब पाठवून दिले. एक गोष्ट सिद्ध झाली: रंग लांबून दिसतो. लोक नवीन गोष्टीला घाबरतातच.

तरी काही दिवस सराव दुकान बंद झाल्यावर करायचा ठरवलंय. लोकांसाठी नाही. दुपारच्या उजेडात रंग नीट कळत नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

संध्याकाळी सराव होत नाही. दुकान बंद करून घरी आलं की डोळे उघडे ठेवणं हेच मोठं काम. आज एक डोळा रंगवला आणि बसल्या बसल्या झोप लागली. उशीवर एक डोळा उमटलाय. चांगला आलाय. ब्लेंडिंगसुद्धा जमलंय त्यात.

सेर्वाला सांगितलं तर हसत सुटली. मग विचारलं, "मा, खरं सांग, पप्पांनी काही म्हटलंय का? नेण्याबद्दल?" मी म्हटलं, मला कुठे जायचंय. ती गप्प झाली. तिचं गप्प होणं मला आवडत नाही, बापावर गेलंय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पक्की योजना झाली. गुरुवारी ते येतील: जर्दाळू आणि टोस्ट, साधा, घरगुती. शनिवारी फ्युनरल: लाल-काळं कापड, त्याला वीट. रविवारी चर्चमध्ये काळं-पांढरं: त्यावर तांबं, किंचित चमक. तीन दिवसांत तीन वेळा मला बघतील. माणसाने एखादी गोष्ट तीनदा बघितली की निदान विचारतो तरी. मग मी म्हणणार, अगं बाई, काही नाही, असंच.

रंग टिकत नाही म्हणून खाली काहीतरी लावावं लागतं. विकतचं नाही मिळालं. शिया बटर लावलं. घरात असतंच. बाळाच्या अंगाला चालतं ते पापणीला का नाही चालणार? रंग छान चिकटला. सकाळी पाच ते सहा अगदी हलला नाही. पुढचं बघितलं नाही, लाइट गेली होती, फ्रीजर सावरायचे होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी चारपासून तयार होते. जर्दाळू, पण या वेळी दालचिनीवर. राख दिसली नाही. खरंच नाही. लाइट सूप केलं, बोकडाचं. त्याच्याबरोबर कसाव्याचं फुफू कुटून ठेवलं.

आठ वाजता नणंदेचा, पोमाचा फोन. "आम्ही विमानतळावरून थेट गावी आलो गं. भाऊ दमलाय. तू शनिवारी येशीलच."

बरोबरच आहे. घराण्यात मूठमाती बाकी असताना भाच्याने आधी घराण्याच्या अंगणात पाय ठेवायचा, मग बायकोच्या. मला माहीत असायला हवं होतं. चार वाजता तयार व्हायची घाई माझीच.

फुफू मऊ झालं होतं. थोडं खाल्लं. चेहरा धुतला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुकान. माल. दुसरं काही नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी. संध्याकाळ, गावी

लिहायलाच हवं, आज यश आलं.

पहाटे उठून वीट लावला. शिया बटर जाडसर, वर रंग जाडसर. गावी पोचेपर्यंत टिकला. मांडवाखाली बायकांच्या रांगेत बसले. ऊन असं की प्लॅस्टिकच्या खुर्च्या अंगाला चिकटत होत्या. लाउडस्पीकर कानाशी. इथे सगळं घराणं मला 'आमची बायको' म्हणतं. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. नवरा सोडून.

दहाच्या सुमाराला डोळ्यांत काहीतरी उतरायला लागलं. शिया बटर वितळत होतं, बरोबर रंग घेऊन. रुमालाने टिपलं. पसरलं. पुन्हा टिपलं. आत गेलं. मग डोळ्यांना जी धार लागली ती थांबेचना. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. मागची म्हणाली, "रडू दे तिला, रडू दे. अडवू नका."

तेवढ्यात घरचे पुरुष हात मिळवत रांगेतून निघाले. काळ्या कापडात सेर्वाचे पप्पा. जाड झालेत. शोभतंय. एकेक हात घेत, पुढे सरकत माझ्यापर्यंत आले. आणि थांबले. मागची माणसं खोळंबली तरी थांबले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. चार वर्षांत, चार कसली, त्याआधीही कधी असं बघितलं नव्हतं त्यांनी माझ्याकडे.

म्हणाले, "तिवा, वोफावर तुझा इतका जीव होता? मला माहीतच नव्हतं गं."

काय सांगणार? मांडवात, सगळ्यांसमोर, मागे रांग खोळंबलेली. मी मान खाली घातली. हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

त्यांनी बघितलं, एवढं महत्त्वाचं. कशामुळे बघितलं हा तपशील झाला.

रविवार, १६ फेब्रुवारी

चर्चसाठी तांबं लावायचं होतं. पण वीट धुऊन गेलाच नव्हता, आणि खाली डोळे खरोखरच सुजले होते. वर काही लावायला जागा नव्हती.

चर्चनंतर घराण्याची बैठक. म्हातारे खुर्च्यांवर, आम्ही बाकांवर. मुख्य विषय: वोफांची बायको, मानू आंटी. ती आता एकटी. वर्षाचा विधी होईपर्यंत तिच्यापाशी घरातलं कुणीतरी राहायला हवं. सगळे जमिनीकडे बघायला लागले. पोमाला अचानक गुडघ्याचं दुखणं आठवलं.

मग सर्वांच्या वतीने बोलणारे म्हातारबाबा उठले, काठी टेकून म्हणाले, "काल आपण सगळ्यांनी बघितलं. लोक फ्युनरलला येतात, जेवतात, नाचतात, जातात. डोळे कुणाचे लाल झाले? आजही बघा. अजून लाल आहेत."

सगळ्यांनी बघितलं. मी काय करणार, मीही खाली बघितलं.

तेवढ्यात सेर्वाचे पप्पा उठले आणि मोठ्याने म्हणाले, "माझी बायको आहे ना. ती राहील."

सगळ्यांसमोर म्हणाले. 'माझी बायको'. टाळ्या पडल्या. एका म्हातारीने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नंतर अंगणात त्यांना गाठून मी विचारलं, दुकानाचं काय? म्हणाले, पोमा बघेल. मी म्हटलं, तिचा गुडघा? म्हणाले, "तिथे बसूनच तर काम असतं." सव्वीस वर्षं लग्नाला झाली, माझं काम बसून असतं हे आज कळलं.

मग हळूच विचारलं, आणि या वर्षीचं आपलं? हॅम्बुर्ग? म्हणाले, "अगं, आता तू इथे शब्द दिलायस. वर्ष होऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

शब्द मी दिला नव्हता. पण एवढ्या टाळ्यांनंतर कुणाला सांगणार.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ते काल पहाटे परत हॅम्बुर्गला गेले. मला उठवलं नाही. दमलीयस म्हणून. विचारी आहेत. पोमा दुकानाच्या किल्ल्या घेऊन त्यांच्याच गाडीतून गेली.

संकल्प: गावात मोकळा वेळ आहे. रोज एक तास सराव. वर्षभरात मी व्हिडिओतल्या पोरीला शिकवीन.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मोकळा वेळ अजून सापडला नाही. पाणी, लाकडं, भेटायला येणाऱ्यांचा स्वयंपाक. हिरव्या पानांची भाजी, कोंतोमिरे, चिरून बोटं काळी झालीत. मानू आंटी दिवसभर ओट्यावर बसते. सत्तरीची आहे, ताठ बसते, कमी बोलते. काही हवं असलं की हनुवटीने दाखवते.

भेटायला येणाऱ्या बायका कुजबुजतात. विधवा आणि डोळ्यांत टिपूस नाही. आज एक जण तर आंटीला ऐकू जाईल अशीच म्हणाली, "भाच्याची बायको रडते आणि हिचे डोळे बघा, कोरडे ठक्क. माणसाला शंका येते बाई."

आंटीने हनुवटीने मला पाणी आणायला सांगितलं.

रविवार, २ मार्च

आज दुपारी आंटी पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

"ए, इकडे ये. त्या दिवशी तू रडत नव्हतीस."

मी म्हटलं, आंटी, असं काय बोलता.

"मला शिकवू नकोस. मी रडण्यातली जुनी आहे. तो रंग होता. कुठेय?"

पेटी आणून दिली. लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सगळे चौकोन बोटाने दाबून बघितले आणि वीटवर थांबली.

"हा लाव. त्या परत येणार आहेत संध्याकाळी."

मी विचारलं, आंटी, तुम्हाला खरंच रडू येत नाही?

म्हणाली, "माझं रडणं मी त्याच्या जिवंतपणीच उरकून घेतलंय. आता काय शिल्लक ठेवलंय त्याने? लाव. आणि शिया बटर नको, मूर्ख. पावडर लाव आधी."

ओट्यावर, दुपारच्या उजेडात लावला. आंटीची पापणी पातळ, सुरकुतलेली, पण मिटून स्थिर बसली. कडा कुठे संपल्या कळेना. इतके दिवस स्वतःच्या डोळ्यांवर जे जमलं नाही ते दुसऱ्याच्या डोळ्यांवर एका दमात जमलं. संध्याकाळी त्या बायका आल्या, बघितल्या बघितल्या दोघींनी टाहो फोडला. आंटीने रुमाल तोंडाला लावला. हसत होती, हे फक्त मला दिसलं.

पेटी तिनेच ठेवून घेतली. उशीखाली. म्हणाली, "तुला काय करायचीय, तुला कोण बघतंय?" वाईट वाटलं नाही. मलाही या रंगांचा कंटाळाच आला होता.

शनिवार, ८ मार्च

पोमाचा फोन. बांगड्याच्या व्यापाऱ्याचा नंबर हवा होता. खुशीत होती. म्हणाली, "आमच्या यावचे कागद झाले गं! भावाने गेल्या वर्षीच भरले होते. मेमध्ये जातोय हॅम्बुर्गला. मामाच्या घरीच राहणार."

याव म्हणजे तिचा मुलगा.

बरोबरच आहे. बहिणीचा मुलगा. आमच्यात तोच जवळचा, बायको काय, बाहेरून आलेली. कुणाच्याही घरी असंच होतं. आणि मला कुठे जायचं होतं? मी सुरुवातीपासून सांगतेय. गेल्या वर्षी भरले म्हणजे वोफा तेव्हा ठणठणीत होते. म्हणजे माझ्या शब्द देण्याशी, डोळ्यांशी, रंगाशी कशाशीच त्याचा संबंध नाही. एका अर्थी बरंच झालं. माझी काही चूक झाली नाही.

चुलीला ओली लाकडं होती आज. धूर फार झाला. मध्यरात्र झाली तरी डोळे चुरचुरतायत.

रविवार, ९ मार्च

सकाळी सेर्वाच्या पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. आंटीची चौकशी करायला. मी नुकतीच उठले होते, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. आंटी आत होती, तेवढा वेळ मीच समोर.

ते बोलता बोलता थांबले. फोन जवळ घेतला. मोठा झाला त्यांचा चेहरा.

म्हणाले, "तिवा, काहीतरी वेगळं दिसतंय आज तुझ्यात. डोळ्यांना काय लावलंयस? तांबूस. छान दिसतंय."

मी म्हटलं, नवीन आहे. सेर्वाने पाठवलंय.

त्यांनी विचारलं, रोज लावतेस? किती वेळ लागतो याला?

मी म्हटलं, फार नाही. सवय झाली की आपोआप होतं.